दाढेच्या मुळात भरतात तरी काय?

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडं सांगली-मिरजेत आधी डब्यातली लवंग शोधतात, दाढेखाली धरतात, चार दिवस कसेबसे काढतात आणि रात्रीची झोपच उडाली की मग कुठं डेंटिस्टची पायरी. मग रूट कॅनाल. नस काढली, सिमेंट भरलं, कॅप बसवली, झालं! पण आत भरलं काय, हे आपण विचारतच नाही.

बघा, कॅनाल म्हणजे मुळातली नस असते ती बारीक नळी, ती साफ झाली की त्यात गुट्टा पर्चाच्या बारीक काड्या बसवतात. झाडाच्या चिकापासनं मिळणारा पदार्थ, पण तो दाताला चिकटत नाही. काडी आणि दाताची आतली भिंत यांच्यातली फट भरतो तो सीलर. फट राहिली तर जंतू तिथनंच मुळाच्या टोकाला जातात, परत गळू, परत सूज.

लवंगेतलं युजेनॉल झिंक ऑक्साईडमध्ये कालवून केलेले सीलर वर्षानुवर्षं चालले. जंतू मारतात, पण पकड कमी आणि हळूहळू विरघळतात. मग इपॉक्सी रेझिनवाले आले, त्यातलं एएच प्लस हे नाव डेंटिस्टच्या तोंडी कायम. याची पकड दांडगी.

आता पकड मोजायची कशी? काढलेल्या दाताच्या मुळाच्या साधारण १-२ मिलिमीटरच्या आडव्या चकत्या करायच्या, मधल्या भरावावर मशीननं बारीक दांडा दाबत न्यायचा, आणि भराव सुटला त्या क्षणाचा जोर चिकटलेल्या क्षेत्रफळानं भागायचा, उत्तर मेगापास्कल या एककात. ही पुश-आउट टेस्ट. सांगली-कराडच्या डेंटल कॉलेजातल्या एमडीएसच्या पोरांना विचारा, धडाधड सांगतील.

आणि आता बायोसिरॅमिक. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या लोमा लिंडा युनिव्हर्सिटीत महमूद तोराबिनेजाद यांच्या टीमनं एमटीए (मिनरल ट्रायऑक्साईड ॲग्रिगेट) नावाचं दाताचं सिमेंट पुढं आणलं, त्यात मुख्य माल कॅल्शियम सिलिकेट, घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटमध्ये असतो तोच. आजचे बायोसिरॅमिक सीलर त्याच घराण्यातले. हे डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, सूक्ष्म नळ्यांमधला ओलावा ओढूनच घट्ट होतात, त्यामुळं कॅनाल खडखडीत कोरडा केला तर उलट नुकसान. घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साईड तयार होतं, पीएच ११-१२ पर्यंत चढतो, जंतूंना ते झेपत नाही, आणि शरीरातल्या द्रवातल्या फॉस्फेटशी कॅल्शियमची गाठ पडली की ॲपेटाइट जमायला लागतं, म्हणजे आपले दात-हाडं ज्या खनिजाची त्याच जातीचं. बायोॲक्टिव्हिटी म्हणतात ती हीच.

बऱ्याच पुश-आउट चाचण्यांत इपॉक्सीच पुढं दिसतं, हे खरंय. पण मला विचाराल तर नुसत्या मेगापास्कलवरनं सीलर निवडू नये. चकतीत ना जिवंत हाड असतं ना शरीरातला द्रव, आणि जखम भरायची असते ती मुळाच्या टोकाशी. बायोसिरॅमिकचीही एक अडचण आहे, पुन्हा रूट कॅनाल करायची वेळ आली तर तो पूर्ण काढणं जिकिरीचं होतं.

आणि सीलर कुठलाही असू दे, आधी हायपोक्लोराईटनं जंतू धुतले पाहिजेत, १७ टक्के ईडीटीए या रसायनाच्या द्रावणानं भिंतीवरचा चिकट थर काढला पाहिजे, नाहीतर चांगला सीलरही चिकटणार कशाला? पेशंटचं काम एवढंच, तात्पुरतं भरलेली दाढ घेऊन महिनोन्महिने ऊस खात फिरू नका, वरनं लाळ झिरपली की आतलं सगळं वाया जातं, कॅप वेळेत बसवून घ्या.