ताडपत्रीखालची पद्मिनी

मंडळी, विषय दिलाय ‘जुन्या गाड्या कशा वाचवायच्या’, पण आधी एका पद्मिनीबद्दल बोलतो, कारण ती डोक्यातून जातच नाही.

आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीशी बदामाचं झाड आहे, त्याखाली एका काकांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, पांढरी, स्टिअरिंगवर गिअर, वडिलांनी घेतलेली. हात वर करा बरं, कुणाकडे फियाट होती? अर्धा हॉल! आणि त्यात सात जण कोंबून गणपतीला गावी कोण गेलंय? हां, तेच हात!

तर मी कितीतरी वर्षं काकांच्या मागे लागलोय. विकता का? "वडिलांची आठवण आहे रे." मग चालवा. "वेळ कुठाय." बरं, मला महिन्यातनं एकदा स्टार्ट तरी करू द्या. "बघू." आणि गाडीवर निळी ताडपत्री दोरीने आवळून बांधलेली, म्हणजे झाकली की जपली असा समज. अहो, तीच ताडपत्री गाडी खाते! जमिनीची ओल वर येते, प्लास्टिकला अडते, थेंब होऊन परत पत्र्यावर पडते, गाडी पावसाळाभर घामाघूम. गेल्या दिवाळीत आम्ही दोरी सोडली तर वायपरखाली पानांचा काळा चिखल, आतलं मॅटिंग ओलं, ते उचललं तर खालचा पत्रा भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला आणि भोकातून गवत दिसलं. काका पायरीवर बसले, काही बोललेच नाहीत. मलाही काही बोलवेना.

ही आपल्या कुर्ल्यात बनलेली गाडी आहे हो! 1964 पासून फियाट 1100 डी म्हणून, पद्मिनी हे नाव नंतरचं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला रजिस्टर झाली, 20 वर्षांची मुदत भरली आणि 2023 ला गेली. त्या टॅक्सी निदान शेवटच्या दिवसापर्यंत पळाल्या. आपल्या घरच्या गाड्या आपण उभ्या करून मारल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणे, तर भराभर सांगतो. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच सांगाडा, त्यामुळे दाराखालची पट्टी आणि फ्लोअर आधी बघा, रंग नंतर. प्लास्टिक काढा, वर शेड घाला, चारही बाजूंनी वारा लागू दे. बॅटरी काढा, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसा, गाडी ठोकळ्यांवर घ्या. कागदांचं म्हणाल तर 50 वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, फी 20,000, नूतनीकरण 5,000, मात्र रोज फिरवता येत नाही.

आणि इंजिन जाम असेल तर स्टार्टर अजिबात मारू नका! चारही स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून आत थोडं थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू दे, मग इंजिन हाताने हळूहळू फिरवा. काकांच्या गाडीत कालच सोडलंय, स्वतः काकांनी. रविवारी सकाळी फिरवून बघणार आहोत, यायचं असेल त्यांनी जाताना मला भेटा.