फॉरवर्ड कसा पाहावा

(रत्नागिरी जिल्ह्यातील क्रीडाशिक्षक, पालक आणि हॉकीप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित क्रीडाशिक्षक, पालक, खेळाडू आणि मित्रहो,

गेल्या हंगामापासून आपल्या तालुक्यात हॉकीतल्या एका सोळा वर्षांच्या सेंटर फॉरवर्डवरून, म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळणाऱ्या मुलावरून, जो वाद चालला आहे, त्याविषयीच मी आज बोलणार आहे. मुलाचे नाव मी घेणार नाही, कारण तो अजून शाळेत आहे आणि त्याच्याविषयी चारचौघांत जेवढे बोलून झाले आहे तेवढे त्याच्या वयाला पुष्कळ झाले. एका बाजूचे म्हणणे असे, की ज्याने जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एकट्याने तीन गोल केले त्याला राज्याच्या संघात घ्यायला उशीर कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की हा नुसता पळतो. विभागीय स्पर्धेत कोल्हापूरला टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, उतरला तेव्हा त्याला एकही गोल करता आला नाही, म्हणजे त्याची मजल इथपर्यंतच. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले आणि त्यांनी चर्चगेटच्या टर्फवर पाहिलेल्या मुलांशी त्याची तुलना सुरू केली, तेव्हा वादाला तिसरी बाजू मिळाली. मला या सगळ्यांविषयी आदर आहे. ज्या किनारपट्टीवर अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेला गाव लोटतो, तिथे हॉकी खेळणाऱ्या एका मुलासाठी माणसे रात्री उशिरापर्यंत भांडतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण तिन्ही बाजूंचा आधार एकच आहे, तो म्हणजे गोलांचा आकडा. आणि माझे म्हणणे असे आहे, की सोळाव्या वर्षी फॉरवर्डची पारख करण्यासाठी हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

आपण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून सुरुवात करू. भारताने तिथे कांस्यपदक मिळवले आणि आठ सामन्यांत एकूण पंधरा गोल केले. त्यांपैकी दहा गोल कर्णधार हरमनप्रीत सिंगचे होते, म्हणजे एका बचावपटूचे, आणि ते पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे समोरच्या संघाने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या फटक्यांवर, झाले. उरलेल्या पाचांत अभिषेकचे दोन, मनदीपचा एक, सुखजीतचा एक आणि मध्यफळीतल्या विवेक सागर प्रसादचा एक. नुसता आकडा पाहणारा मनुष्य म्हणेल, की भारताच्या फॉरवर्ड फळीने संपूर्ण स्पर्धेत चारच गोल केले. परंतु हरमनप्रीतला जे पेनल्टी कॉर्नर मिळाले, त्यांतले बरेचसे कोणीतरी चेंडू घेऊन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरल्यामुळे, बचावपटूच्या पायाला चेंडू लागायला भाग पाडल्यामुळे, किंवा अशा कोनातून फटका मारल्यामुळे मिळाले, की समोरच्याला नियम मोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ते काम बहुतेक वेळा फॉरवर्डचे असते आणि गोलफलकावर त्याचा उल्लेख नसतो. त्याच स्पर्धेत ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सगळा सामना भारत दहा जणांनिशी खेळला. तो सामना पुन्हा पाहिला, तर आपले फॉरवर्ड स्वतःच्या डीच्या तोंडाशी येऊन किती वेळा चेंडू अडवतात, हे लक्षात येईल. सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये आपण जिंकलो. ज्या फॉरवर्डला मागे पळत येण्याची सवय नाही, त्याला आजच्या हॉकीत जागाच नाही.

आता आपल्या मुलाकडे येऊ. आपली मैदाने सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, आहेत. खाली जांभ्याचा कातळ, वर पसरलेली तांबडी माती, आणि पावसाळ्यात ती वाहून गेली की ऑक्टोबरात वर आलेले खडे. अशा जमिनीवर चेंडू सरळ येत नाही. तो उडतो, वळतो, कधी मध्येच मरतो. म्हणून इथला मुलगा चेंडू आधी स्टिकखाली पूर्ण थांबवतो, मान खाली घालून तो ताब्यात आल्याची खात्री करून घेतो आणि मगच पुढचा विचार करतो. यात त्याचा दोष काही नाही, कारण इथे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने चेंडू सांभाळता येत नाही. टर्फवर मात्र पाणी मारलेले असते, चेंडू जमिनीला चिकटून आणि वेगाने येतो, आणि मान खाली घालून तो थांबवण्यात जो एक क्षण जातो तेवढ्यात बचावपटू अंगावर येतो. कोल्हापूरला नेमके हेच झाले. दुसऱ्या बाजूच्या मित्रांना मला एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. १९७५ साली क्वालालंपूरला भारत जगज्जेता ठरला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, जिथे पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर हॉकी खेळली गेली, तोच भारत सातव्या क्रमांकावर गेला. कारणे आणखीही होती, पण पृष्ठभाग बदलला की हात, पाय आणि नजर सगळेच नव्याने शिकावे लागते, हे त्यातून स्पष्ट दिसते. ज्या बदलाने जगज्जेत्यांची ही गत केली, तो आत्मसात करायला आपण या मुलाला एक दुपार दिली.

त्या दुपारच्या सामन्यात मी जे पाहिले तेही सांगतो. उत्तरार्धात आपल्या संघाकडे उजवीकडून चेंडू येत होता. तेव्हा हा मुलगा मधल्या जागेवरून उजव्या कोपऱ्याकडे जीव तोडून धावला. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, पण समोरच्या संघाचा मधला फुलबॅक, म्हणजे बचावपटू, त्याच्या मागे खेचला गेला, डीच्या समोर मोकळी जागा झाली, तिथे आपला लेफ्ट इन, म्हणजे त्याच्या डावीकडे खेळणारा फॉरवर्ड, शिरला आणि आपल्याला सामन्यातला पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॉर्नर वाया गेला आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, की हा उगीच कुठे पळतोय? फॉरवर्डला बचावपटूंच्या पलीकडे जाऊन उभे राहू न देणारा ऑफसाइडचा नियम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रद्द झाल्यापासून फॉरवर्डला कुठेही उभे राहता येते, पण त्यामुळेच बचावपटूही त्याला चिकटून राहतात. जागा मिळत नाही, ती अशा धावांनीच तयार करावी लागते. चेंडू मिळणार नाही हे ठाऊक असून पूर्ण वेगाने धावणारा सोळा वर्षांचा मुलगा मला तीन गोल करणाऱ्या मुलापेक्षा अधिक आशादायक वाटतो. इथे तर दोघे एकच आहेत.

दुसरी गोष्ट मी दिवाळीनंतरच्या सरावात पाहिली. डावीकडून आलेला चेंडू गेल्या वर्षी तो आपल्या गोलकडे तोंड करून थांबवत असे आणि मग वळत असे. वळेपर्यंत समोरचा तयार असायचा. आता तो चेंडू अंगासमोरून उजव्या पायापर्यंत येऊ देतो, खांदा आधीच प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे वळलेला असतो, आणि चेंडू स्टिकला लागतो तो पुढे जाण्यासाठीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चेंडू येण्याआधी तो एकदा मान वळवून मागे पाहतो. दर वेळी पाहत नाही. थकला की विसरतो. तरीही एका वर्षात, तेही खड्यांच्या मैदानावर, हा बदल घडला आहे, आणि माझ्या मते त्याच्याविषयीच्या वादातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. गोल हुकणे किंवा होणे एखाद्या खड्यावर अवलंबून असू शकते, पण मान वळवून पाहण्याची सवय शिकूनच येते.

पहिल्या बाजूच्या मित्रांनाही एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. वयोगटाच्या स्पर्धांत १ जानेवारी ही सीमारेषा असते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलाशी एकाच गटात खेळतो, आणि या वयात अकरा महिन्यांत उंची, ताकद आणि वेग यांत फार अंतर पडते. कॅनडातल्या आइस हॉकीच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले, की तिथल्या कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त असतात. आपला मुलगा फेब्रुवारीचा आहे आणि लवकर वाढला आहे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यातले त्याचे दोन गोल निव्वळ पायांच्या जोरावर झाले; इतर मुले दोन वर्षांत त्या वेगाला गाठतील. म्हणून मला त्याच्या पायांपेक्षा त्या मानेची जास्त काळजी आहे.

फॉरवर्डची वाढ सरळ रेषेत होत नाही, हे गेल्या दहा-बारा वर्षांच्या भारतीय संघातच दिसते. मनदीप सिंग २०१३ साली अठराव्या वर्षी वरिष्ठ संघात आला, २०१४ चा विश्वचषक खेळला, मग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. त्याच वर्षी लखनौला तो कनिष्ठ विश्वविजेत्या संघातून खेळला आणि पुढे टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये त्याच्या गळ्यात कांस्यपदक पडले. लखनौच्या त्या अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध गोल करणारा सिमरनजीत सिंग टोकियोसाठी निवडलेल्या पहिल्या सोळांत नव्हता. राखीव खेळाडूंना खेळण्याची मुभा मिळाली म्हणून तो मैदानात उतरू शकला आणि जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात, जो आपण ५-४ असा जिंकलो, त्याने दोन गोल केले. दिलप्रीत सिंग २०१८ चा विश्वचषक एकोणिसाव्या वर्षी खेळला, त्यानंतर संघाबाहेर गेला आणि त्या वेळी पुष्कळांनी त्याचा विषय संपवला. त्याने टोकियोच्या उपांत्यपूर्व सामन्यात गोल केला आणि २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध दोन गोल केले. सुखजीत सिंग तर पंचविशीत, २०२२ साली, भारतीय संघात आला, तेही पाठीच्या दुखापतीने उजवा पाय लुळा पडण्यापर्यंत मजल गेल्यानंतर. या चौघांपैकी एकाचेही भविष्य सोळाव्या वर्षीच्या गोलांवरून कोणी नेमके सांगू शकले नसते.

आपल्याकडे एखादा मुलगा वेगाने पळताना दिसला, की त्याला ‘पुढचा धनराज’ म्हणण्याची पद्धत आहे. खडकीतून आलेल्या धनराज पिल्ले यांनी १९९२ ते २००४ अशी चार ऑलिम्पिक खेळली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक हॉकीप्रेमीच्या मनात त्यांचे स्थान आहे, म्हणूनच त्यांचे नाव शाळकरी मुलाच्या डोक्यावर ठेवू नये अशी माझी विनंती आहे. हा मुलगा आपल्या बोलण्याचे परिणाम खेळात दाखवू लागला आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेनंतर काही आठवडे तो पास देईनासा झाला होता. मोकळा साथीदार दिसत असूनही तो रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, अवघड कोनातून फटका मारत होता, कारण कट्ट्यावर मोजले जात होते ते त्याचे गोल. कोल्हापूरनंतर उलटे झाले आणि डीमध्ये चेंडू मिळाला तरी तो फटका न मारता मागे पास देऊ लागला. दोन्ही सवयी त्याच्या प्रशिक्षकांनी लावलेल्या नव्हत्या.

राहिला प्रश्न त्याने आता घर सोडून टर्फ असलेल्या ठिकाणी निवासी प्रशिक्षणाला जावे की नाही, याचा. पालकांनी मला तो विचारला होता आणि त्यांच्या संमतीने मी इथे उत्तर देतो. साताऱ्याच्या ग्रामीण भागातून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, तेव्हा हा मार्ग खरा आहे यात शंका नाही. तरीही माझे मत असे, की त्याने दहावीची परीक्षा इथेच द्यावी आणि जूनमध्ये जावे. या चार-पाच महिन्यांत नवी जागा, नवे सोबती आणि परीक्षा हे सगळे एकदम त्याच्यावर पडू नये. जूननंतर मात्र एक वर्षही दवडू नये, कारण आपले मैदान चार महिने पाण्याखाली असते आणि या वयात गमावलेला पावसाळा पुढे भरून काढणे कठीण जाते. तोपर्यंत त्याने आणि त्याच्या लेफ्ट इनने, दोघांनीही, महिन्यातून दोन रविवार आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन टर्फवर सराव करावा. एकट्याला पाठवण्यात अर्थ नाही, त्याच्या धावांचा उपयोग करून घेणारा साथीदार तोच आहे. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, टर्फचे बूट आणि सोबत एक शिक्षक, एवढाच खर्च आहे. तो कसा उभा करायचा आणि सोबत कोण जाणार, हे उठण्यापूर्वी आज इथेच ठरवू या.