सोलापूरच्या उन्हाळ्यात ताक-शेपूचा ब्रेड: यीस्टला नावं ठेवू नका, ताक गार करा

(ओट्यावर परात, पिठाचे डबे, शेपूची पेंडी. ताकाचा तांब्या मुद्दाम फ्रीजमध्येच आहे.)

नमस्कार मंडळी! किचनमध्ये आत्ता 38 डिग्री आहे. एप्रिलची दुपार आहे, गाव सोलापूर आहे, त्यामुळे कुणाला नवल वाटायचं कारण नाही. अशा हवेत ताक प्यायचं सोडून पिठात कशाला ओतायचं, हा प्रश्न रास्त आहे. सांगते.

ब्रेडच्या बहुतेक रेसिपी अशा ठिकाणी लिहिल्या जातात जिथं स्वयंपाकघरात 20-22 डिग्री असतं. म्हणून त्यात असतं, ‘कोमट पाणी घ्या, उबदार जागी दोन तास ठेवा.’ सोलापुरात उबदार नसलेली जागा कुठाय ते आधी दाखवा! आपल्याकडे दोन तासांत पीठ पातेल्यातून उतू जातं, त्याला दारूसारखा वास येतो, आणि भाजताना ब्रेड मधोमध बसतो. मग आपण म्हणतो, यीस्ट जुनं होतं. यीस्ट चांगलंच होतं हो. त्याला आपण फार पळवलं.

म्हणून आज रेसिपीपेक्षा हिशोब आधी. एकदाच समजून घ्या, पुढे कुठलाही ब्रेड जमेल.

मळून झाल्यावर पिठाचा गोळा साधारण 26 डिग्रीला असावा. 26 ला 3 ने गुणा, झाले 78. या 78 मधून खोलीचं तापमान वजा करा आणि पिठाचं तापमान वजा करा. जे उरेल तितकं ताकाचं तापमान हवं. आज खोली 38, डब्यातलं पीठही 38. 78 वजा 76, उरले 2. म्हणजे ताक फ्रीजमधून काढून थेट ओतायचं, तेही अगदी गार. हाताने मळताना पीठ आणखी थोडं तापतंच, म्हणून मी उन्हाळ्यात पीठसुद्धा तासभर फ्रीजमध्ये ठेवते. हाच हिशोब डिसेंबरात करा. खोली 22, पीठ 22, ताक निघेल 34 वर. म्हणजे थंडीत कोमट ताक चालेल. पण गॅसवर उकळू नका, फुटेल. गरम पाण्याच्या भांड्यात तांब्या ठेवा, पुरे.

आता ताक. परदेशी रेसिपीतलं ताक दाट असतं, चमच्याला धरेल असं. आपण जेवणानंतर पितो ते पातळ ताक तेवढ्याच मापाने ओतलं तर पीठ हाताला नुसतं चिकटत राहील. एक वाटी दह्याला अर्धी वाटी पाणी घालून घुसळा, तितकं दाट हवं. मीठ, जिरं, हिंग घातलेलं मठ्ठ्याचं ताक नको, कारण मिठाचा हिशोब बिघडतो. आणि ताक आजचं, फार तर कालचं. चार दिवसांचं, नाकात झिणझिण्या आणणारं ताक कढीला द्या. बेताच्या आंबटपणाने ब्रेड मऊ होतो, चवीला खोली येते. आंबटपणा फार झाला की पिठाची ताणायची ताकद जाते, गोळा ओढला की फाटतो आणि ब्रेडचा भुगा पडतो. आणखी एक गंमत: ताकात दुधाची जी साखर उरलेली असते, ती बेकरीच्या यीस्टला पचत नाही. ती शेवटपर्यंत तशीच राहते आणि भाजताना वरच्या कवचाला छान रंग देते.

मापं लिहून घ्या. मैदा 350 ग्रॅम. ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम. उकळतं पाणी 100 मिली. दाट ताक 180 मिली. इन्स्टंट यीस्ट एक सपाट छोटा चमचा, म्हणजे 3 ग्रॅम. मीठ 8 ग्रॅम. साखर एक मोठा चमचा. शेंगतेल दोन मोठे चमचे. साफ करून चिरलेला शेपू भरपूर मूठभर, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, आणि ओवा एक छोटा चमचा. वजनकाटा नसेल तर घ्या बाई एकदाचा. वाटीने मैदा मोजला तर दाबून भरला की भुरभुरून भरला यावरच वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

ज्वारी कशाला, असं विचाराल. एक तर आपण सोलापूरकर, घरात मैदा नसेल पण ज्वारी असतेच, आणि शेजारी मंगळवेढ्याची मालदांडी पिकते. पण खरं कारण वेगळं आहे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रथिन, नसतं, म्हणून कोरडं पीठ मैद्यात तसंच मिसळलं तर ब्रेड जड होतो. मग भाकरी कशी थापली जाते? आपण पिठात उकळतं पाणी घालतो म्हणून. त्या पाण्याने पिठातलं स्टार्च फुलतं, चिकटपणा येतो. इथेही तेच करायचं. हे बघा, पाण्याला उकळी आली, गॅस बंद, पीठ टाकलं, उलथन्याच्या दांड्याने भराभर हलवलं. झाकण. झाली उकड. फुललेलं स्टार्च पाणी धरून बसतं, आणि दुसऱ्या दिवशीही ब्रेड मऊ राहतो. फक्त ही उकड पूर्ण गार होऊ द्या, मग फ्रीजमध्ये ठेवा. गरम उकड पिठात गेली की वरचा सगळा 78 चा हिशोब गेला खड्ड्यात.

(कॅमेरा जवळ: शेपू, ओवा, कढल्यात तेल.)

आता माझा आवडता भाग. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठवलेल्या असतील, माहितेय मला. त्या राहू द्या. परदेशात ब्रेडमध्ये थाइम घालतात. थाइमला जो वास असतो तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि आपल्या ओव्यात तेच थायमॉल ठासून भरलेलं असतं. कुंडीत ती जाड, लवदार पानांची पानओव्याची झुडपं असतात ना, ज्याची आपण भजी करतो? त्याचा वास ओरेगॅनोच्या जवळ जातो, कारण दोन्हींत कार्व्हाक्रॉल नावाचं द्रव्य असतं. पानओवा असेल तर चार पानं बारीक चिरून घाला, मग ओवा अर्धाच घ्या. दोन्ही पूर्ण मापाने घातलं तर ब्रेड काढ्यासारखा लागेल.

शेपू मी लक्ष्मी मंडईतून सकाळीच आणते, दुपारपर्यंत माना टाकतो. घरात शेपूला नाक मुरडणारी माणसं असतातच. ब्रेडमध्ये त्याचा उग्रपणा खूप उतरतो आणि ताकाशी त्याचं चांगलं जमतं. धुऊन झाल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा करा. ओला शेपू पिठात गेला की प्रत्येक पानाभोवती चिकट लगदा होतो. देठं काढा, नुसती मऊ पानं घ्या.

कोथिंबीर घालू का? घाला, पण भाजताना तिचा वास उडून जातो, हिरवे ठिपके तेवढे उरतात. पुदिना काळा पडतो. कढीपत्ता अख्खा घालू नका, चामड्यासारखा लागतो. कुरकुरीत तळून चुरलेला मात्र झकास. आणि शेंगाची चटणी? मला हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. आत घालू नका. चटणीला तेल सुटतं आणि पिठाचे पदर एकमेकांना धरत नाहीत, कापताना ब्रेडच्या गुंडाळीत पोकळी दिसते. चटणी ताटात वाढा, तिचा मान तिथेच आहे.

लसूण कच्चा नको. कच्च्या लसणाने यीस्ट सुस्त होतं आणि पीठ सैल पडतं. मंद गॅसवर शेंगतेल, त्यात ठेचलेला लसूण. असा, कडेने बदामी होईपर्यंत. आता गॅस बंद, आणि मग तळहातावर चुरडलेला ओवा. आला वास? तेल उतरवून गार करायला ठेवा.

परातीत मैदा, साखर, मीठ, यीस्ट एकत्र केलं. यीस्ट आधी कोरड्या पिठात मिसळायचं, थेट बर्फासारख्या ताकात टाकायचं नाही, गारठ्याने ते मंदावतं. तुमच्याकडे दाणेदार, भिजवायचं यीस्ट असेल तर दोन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं फुलवा आणि तेवढं ताक कमी करा. आता उकड मोडून घातली. ताक सगळं एकदम नाही. 150 मिली आधी, उरलेलं हाताशी. मैद्यामैद्यात फरक असतो, पीठ मागेल तसं द्या.

पोळीच्या कणकेपेक्षा सैल दिसतंय, हाताला धरतंय. दिसू दे. वरून पीठ भुरभुरायचा मोह आवरा! झाकून पंधरा मिनिटं ठेवा, पीठ आपोआप पाणी ओढून घेतं. मग लसणाचं तेल घालून तिंबा. तळहाताने पुढे लोटा, दुमडा, फिरवा. दहा-बारा मिनिटं लागतात. झालं कसं ओळखायचं? लिंबाएवढा तुकडा घ्या, दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. असा पातळ पडदा झाला, पलीकडचं बोट धूसर दिसलं आणि तरी फाटला नाही, की झालं. ज्वारीचे बारीक कण दिसतील, ते चालतं. शेपू आता, अगदी शेवटी. दोन मिनिटांत सारखा पसरतो.

फुगवायला ठेवताना इथली हवा लक्षात घ्या. आपला उन्हाळा कोरडा. पंख्याखाली उघडा गोळा ठेवला तर दहा मिनिटांत वर पापुद्रा धरतो आणि मग तो फुगूच देत नाही. परातीत गार पाणी, त्यात पिठाचं पातेलं, वर पिळलेलं ओलं फडकं. फडक्यातलं पाणी उडतं, गारवा राहतो. या हवेत पाऊण तासात गोळा दुप्पट होईल, थंडीत दोन तासही लागतील. घड्याळ नाही, पीठ बघा. बोट कोरड्या पिठात बुडवून गोळ्यात खुपसा. खड्डा लगेच भरला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर बरोबर. तसाच राहिला आणि भोवतीचं पीठ खाली बसलं, तर उशीर झाला. मग हवा काढून सरळ पिझ्झ्याचा बेस लाटा, ब्रेडचा हट्ट सोडा.

रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर यीस्ट अर्धं करा. सकाळी काढा, आकार द्या. उन्हाळ्यात मला हेच जास्त आवडतं, कारण भट्टी ऊन चढायच्या आधी आटोपते.

आकाराचं फार काही नाही. हवा दाबून काढा, आयत थापा, घट्ट गुंडाळा, जोड खाली करून तेल लावलेल्या नऊ बाय चार इंची टिनमध्ये ठेवा. परत ओलं फडकं. टिनच्या काठाच्या बोटभर वर आला की भाजायचा. त्याच्या पंधरा मिनिटं आधी ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, 200 डिग्रीवर लावून ठेवा. लाईट जायच्या वेळा तुम्हाला माहीत आहेत, त्या सांभाळून लावा, अर्धा भाजलेला ब्रेड पुन्हा उठत नाही.

वरून ताकाचा हात फिरवा. पहिली दहा मिनिटं 200, मग 180 वर पंचवीस. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाका. काढून उलटा करा, तळावर टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर मधोमध 93-95 डिग्री.

ओटीजी नाही? कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मिठाचा थर, वर जाळी, पाणी अजिबात नाही. जुना कुकरच वापरा. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, टिन ठेवा, बारीक आचेवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वरून पांढुरका राहील. शेवटी ती बाजू दोन मिनिटं तव्यावर पालथी घाला.

यीस्टच नको असेल तर सोडा ब्रेड. आयर्लंडमध्ये हा 19 व्या शतकात घरोघरी गेला, कारण तिथला गहू मऊ, यीस्टच्या ब्रेडला पुरेसा ताठा नसलेला. ताकाचं आम्ल सोड्याला भेटलं की वायू सुटतो, तोच ब्रेड फुगवतो. 300 ग्रॅम पीठ, 250 मिली ताक, पाऊण छोटा चमचा सोडा, मीठ, शेपू. मळायचं नाही, गोळा करायचा, वर सुरीने खोल फुली, आणि तडक ओव्हनमध्ये. इथे मात्र आंबट ताक चालतं. सोडा मोजून, जास्त झाला की साबणासारखी चव येते.

भाजून झाला की तासभर कापू नका. जाळीवर ठेवा, आत वाफ असते, गरम कापला की सुरीला लगदा येतो. मग टिकवायचं. आपली कडक भाकरी इतके दिवस टिकते ती तिच्यात पाणीच उरलेलं नसतं म्हणून. या ब्रेडमध्ये ताक आहे, उकड आहे, भरपूर पाणी आहे, आणि कसलंही प्रिझर्व्हेटिव्ह नाही. उन्हाळ्यात बाहेर एक दिवस, पावसाळ्यात तेवढाही भरवसा नाही. फ्रीजमध्ये ठेवला तर बुरशी लांबते, पण ब्रेड लवकर कडक होतो. म्हणून गार झाल्यावर स्लाइस करा, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, आणि लागेल तेवढे काढून थेट तापल्या तव्यावर टाका. वितळायची वाट बघू नका. शेंगाची चटणी दह्यात कालवून वर लावायची, किंवा नुसती चटणी आणि शेंगतेल. माझं मत विचाराल तर दही नको, ब्रेडमध्ये ताक आहेच.