कोपऱ्यात वेळ लिहिणारा चित्रकार

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून चित्रकाराविषयी बोलायचं तर पंचाईत अशी, की चित्र दाखवता येत नाही. पण आजचा माणूस असा आहे, की त्याच्या चित्रावरचं बरंच काही वाचूनच दाखवता येतं. त्याचं नाव एडवर्ड लिअर.

इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना हे नाव ऐकल्यावर होडीतून निघालेलं घुबड आणि मांजर आठवेल, पाच ओळींची विक्षिप्त पद्यं आठवतील. लिअरचं पोट मात्र निसर्गचित्रांवर चालायचं आणि स्वतःची ओळखही तो तशीच करून द्यायचा. एकोणिसाव्या शतकात हातात वही घेऊन हिंडणारे इंग्रज पुष्कळ होते, पण इतकं हिंडून इतकं रेखाटणारे थोडेच.

जन्म १२ मे १८१२ चा, लंडनचा. आईबापांच्या एकवीस लेकरांतला हा विसावा. वडिलांचा धंदा बुडाला, आणि याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, अ‍ॅननं. लहानपणापासून फेफऱ्याचा आजार. त्या काळी त्याची लाज वाटायची, म्हणून जन्मभर ते लपवलं. झटका आला की रोजनिशीत फुली मारायची, एवढीच नोंद. विशीत पोहोचायच्या आधीच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपटांसमोर बसून त्यानं मोठाली चित्रं काढायला घेतली. ती आजही पक्षितज्ज्ञ मानतात. पण असल्या बारीक कामानं डोळ्यांवर ताण येऊ लागला. १८३७ मध्ये तो रोमला गेला आणि पक्ष्यांकडून डोंगरदऱ्यांकडे वळला. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडेही दिले. पण राजवाड्यात रमण्याचा त्याचा पिंडच नव्हता.

इटली, ग्रीस, अल्बेनिया, इजिप्त, पॅलेस्टाईन. बहुतेक पायी, नाहीतर घोड्यावर. आणि घोड्याची त्याला भीती! १८५६ पासून सोबतीला जॉर्जिओ कोकाली हा नोकर. नोकर म्हणायचा, पण तब्बल सत्तावीस वर्षं, १८८३ मध्ये जॉर्जिओ गेला तोपर्यंत, ही जोडी टिकली. आजच्या जॉर्डनमधल्या पेट्राच्या खडकांत १८५८ साली स्थानिक लोकांनी घेरून लुबाडलं, तेव्हाही दोघं बरोबरच होते.

आता त्याची काम करायची रीत सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. जागेवर बसून आधी पेन्सिलीनं भराभर रेखाटन. रंग भरायला सवड नाही, म्हणून कोणता रंग कुठं ते चित्रातच लिहून ठेवायचं: इथं करडा, इथं फिकट, हे सगळं गडद. तेही मुद्दाम वेडंवाकडं स्पेलिंग करून, म्हणजे खडकांवर ‘रॉक्स’ लिहायचं तर शेवटी नुसता एक्स. खाली कोपऱ्यात गावाचं नाव, तारीख, चित्राचा क्रमांक आणि घड्याळातली वेळ. पुढं कधी तरी, मुक्कामी नाहीतर घरी परतल्यावर, त्याच रेघांवर टाकानं तपकिरी शाई फिरवायची आणि वरून पाण्यासारखे पातळ रंग सोडायचे. अक्षरं पुसायची नाहीत. त्यामुळं कागद बघताना डोंगरही दिसतो आणि उन्हात बसून घाईनं लिहिणारा माणूसही.

हे कागद त्याच्या लेखी मात्र विकायचा माल नव्हते, ते कच्चं सामान होतं. त्यांवरून तो गिऱ्हाइकांसाठी नीटनेटकी जलरंगचित्रं आणि मोठी तैलचित्रं करायचा. पैशांची ओढाताण कायमचीच. म्हणून १८६० नंतर त्यानं साठ-साठ चित्रं एकदम मांडून, एकेक थर सगळ्यांवर फिरवत घाऊक काम केलं आणि स्वतःच थट्टेनं त्या चित्रांना ‘जुलमी’ म्हणू लागला. माझं मत विचाराल तर ही पक्की चित्रं दमलेली वाटतात. जीव आहे तो कच्च्या कागदांतच.

भारतात तो आला एकसष्टाव्या वर्षी. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक त्याचा जुना मित्र, त्यानंच बोलावलं. १८७२ मध्ये एकदा निघून हा गृहस्थ सुएझवरून माघारी फिरला होता! अखेर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईला उतरला आणि इथले लोक, त्यांचे कपडे, झाडं पाहून हरखून गेला. तिथून लखनौ, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग. कांचनगंगा त्याला जवळची वाटेना. फारच दूर, फारच देवासारखी, असं त्यानं लिहून ठेवलं. तरी तिची तैलचित्रं केली. आग्र्याला ताजमहाल पाहून म्हणाला, यापुढं जगातल्या माणसांचे दोनच वर्ग करावेत: ताज पाहिलेले आणि न पाहिलेले.

१८७४ च्या पावसाळ्यात त्याचा मुक्काम पुण्याला होता. त्याच जुलैत मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची एक कविता छापून आली, तिच्यात देशी शब्द मुद्दाम भलत्याच अर्थानं वापरलेले. तिची नायिका धोब्यावर बसून शुक्राचा तारा बघते, तिच्या कुंजाभोवती उंच उंच खानसामे वाढलेले असतात, खिदमतगार वेलींसारखे लोंबतात, आणि शेवटी कमरबंद येऊन तिला गिळतो! साहेबांच्या घरातले हे शब्द आपल्याला रोजचे, म्हणून या कवितेला त्याच्या देशबांधवांपेक्षा आपणच जास्त हसू.

पुढं हैदराबाद, मद्रास, महाबलीपुरम, मलबार. सिलोनमध्ये जॉर्जिओ आजारानं अगदी खंगला, तेव्हा लिअरनं उरलेला बेत सोडला आणि जानेवारी १८७५ मध्ये दोघं मुंबईहून परतले. जाताना सामानात पाचशेहून अधिक चित्रं होती.

लिअर २९ जानेवारी १८८८ रोजी इटलीत सान रेमोला वारला. त्याच्या भारतातल्या चित्रांपैकी पुष्कळशी आज अमेरिकेत, हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत आणि इंटरनेटवरून फुकट पाहता येतात. पाहायला बसलात तर चित्र मोठं करून आधी खालचा कोपरा वाचा आणि मग चित्रातल्या सावल्या कुठं पडल्यात ते त्या वेळेशी ताडून बघा.