उन्हाचा मेलानोमा आणि तळपायाचा मेलानोमा

श्रोतेहो, नमस्कार. मी त्वचारोगाची डॉक्टर. एप्रिल उजाडला की आमच्या परळच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, उन्हानं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?" विचारणाऱ्यांत क्रॉस मैदानावर दिवसभर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या आया असतात, सिग्नलला उभे राहणारे वाहतूक पोलीस असतात.

होतो. मेलानोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. उन्हातले अतिनील किरण या पेशींच्या डीएनएची मोडतोड करतात. शरीर ती दुरुस्त करत असतं, पण दुरुस्ती राहून गेली की बिघाड साचत जातो. गोऱ्या कातडीच्या लोकांत, त्यातही लहानपणी कातडी लाल होऊन सोलून निघेपर्यंत उन्हात भाजलेल्यांत, हा धोका मोठा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या सोळाशेवर लोकांवर १९९२ साली एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांनी रोज सनस्क्रीन लावायचं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीनं. प्रयोग संपल्यावर पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. रोज लावणाऱ्यांत मेलानोमाचे ११ रुग्ण निघाले, दुसऱ्या गटात २२. ऊन आणि मेलानोमाचा संबंध दाखवणारा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

पण ही गोष्ट मुख्यतः गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, भरपूर असतं आणि ते हे किरण बरेचसे अडवतं. ज्या रंगाला लग्न जमवताना नावं ठेवतात, तोच रंग आपली राखण करतो, हे मी मुलींना आवर्जून सांगते. आपल्या देशात वर्षाला लाख माणसांत एकालाही मेलानोमा होत नाही. उन्हानं वांग येतात, डोळ्यांना त्रास होतो, म्हणून दुपारी टोपी, छत्री हवीच. पण उन्हाच्या धास्तीनं मुलांचं मैदान बंद करू नका.

मला काळजी वाटते ती वेगळीच. आपल्याकडे मेलानोमा होतो तेव्हा बऱ्याचदा तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. तिथं ऊन पोचतच नाही! उन्हामुळे झालेल्या मेलानोमाच्या जनुकांत अतिनील किरणांच्या ठरावीक खुणा सापडतात, तळपायाच्या मेलानोमात त्या फारशा दिसत नाहीत. आणि तळपाय कोण बघतो?

मासळी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. टाचेवर रुपयाएवढा काळा-निळसर डाग. एका बाजूची कड स्पष्ट, दुसरीकडे रंग कातडीत पसरत गेलेला, मधोमध ओलसर. वर्षभर त्यांनी त्याला कुरूप समजून कॉर्न कॅप लावली, ब्लेडनं तासून घेतलं. जांघेत अवधाण आलं तेव्हा लेकीनं ओढून आणलं. मावशींचं पहिलं वाक्य : "बाई, आमचं आयुष्य उन्हात गेलं, पण हे तर चपलेखाली होतं." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. तो मेलानोमाच होता.

तेव्हा पाय धुताना तळवे बघा, म्हाताऱ्या आई-वडिलांची नखं कापताना बोटांच्या बेचक्याही बघा. नखावरच्या काळ्या रेघेनं लगेच घाबरू नका. सावळ्या माणसांत अशा बारीक रेघा बऱ्याच नखांवर असतात. एकाच नखावर, मोठेपणी नव्यानं आलेली, रुंदावत जाणारी रेघ मात्र दाखवा. नखाचा काळा रंग मुळाशी कातडीवर उतरला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि महिन्यानं ताडून बघा. डाग सरकत नसेल तर ठेचेवर विसंबू नका. न भरणारी जखम, रंग-आकार बदलणारा तीळ, हेही त्यातच आलं. काही मेलानोमा काळे नसतात, गुलाबी मांसासारखे दिसतात आणि फसवतात.

आता डागाचा तुकडा काढून तपासण्याबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल. "हात लावला की पसरतो" हे मी रोज ऐकते, आणि याच भीतीनं लोक महिने घालवतात. बायोप्सीनं मेलानोमा पसरत नाही. न काढता ठेवला तर पसरतो. काढलेल्या तुकड्यात डाग किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असेल, तर बहुतेकांना डाग आणि भोवतालची थोडी कातडी काढण्याची शस्त्रक्रिया पुरते.