पौर्णिमेला जमणारे मासे

नमस्कार मंडळी! कोकणातल्या बाजारात हेकरू घेतला असेल, तर आजचा मासा तुम्हाला ओळखीचा वाटेल. हेकरूचाच हा कॅरिबियन समुद्रातला भाऊबंद, नासाउ ग्रुपर.

एरवी हा एकटा राहणारा. प्रवाळातली एक कपार धरायची आणि तिथेच दबा धरून बसायचं. पण हिवाळ्यातली पौर्णिमा जवळ आली की सगळे घर सोडून निघतात. जमतात कुठे? प्रवाळाच्या अशा एका टोकाला, जिथून पुढे समुद्र एकदम खोल होतो. दर वर्षी तीच जागा!

आता स्क्रीनवर बघा. अंगावरचे पट्टे गेलेत, पाठ काळपट झालीय, पोट पांढरंशुभ्र. पौर्णिमेनंतरच्या काही संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता मादी वर झेपावते. मागोमाग नरांचा घोळका. अंडी आणि शुक्राणू तिथेच पाण्यात सुटतात. मला या चित्रीकरणातला हा क्षण सगळ्यात आवडतो, पाणी अक्षरशः दुधाळ होतं.

अंडी राखायला कुणी थांबत नाही. साधारण दिवसभरात ती फुटतात आणि नजरेला जेमतेम दिसणारी पिल्लं महिनाभराहून जास्त काळ वाहत राहतात. बहुतेक कुणाच्या तरी पोटात जातात. उरलेली किनाऱ्याजवळच्या शेवाळात लपतात, मोठी झाली की प्रवाळावर येतात. वयात यायला चारेक वर्षं तरी हवीत.

आता धोका कुठे आहे ते बघा. बेटाच्या चहूबाजूंचे वयात आलेले मासे त्या दिवसांत एकाच ठिकाणी असतात. लिटल केमन बेटापाशी 2001 मध्ये अशी जागा मच्छीमारांना सापडली. तिथे सुमारे 7000 मासे होते. दोन हिवाळ्यांत त्यातले सुमारे 4000 पकडले गेले. कुणी नियम मोडला नव्हता, पण पुढच्या पिढीचे आईबापच संपत होते. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

2003 मध्ये सरकारने तिथे विणीच्या काळातली मासेमारी बंद केली. आकडा लगेच वाढला नाही. कसा वाढणार? आज जन्मलेलं पिल्लू त्या टोकाला यायला कित्येक वर्षं लागतात. पाणबुडे दर हिवाळ्यात माशांना खुणेचे बिल्ले लावत, मोजत राहिले. 2018 पर्यंत तिथली संख्या पुन्हा 7000 च्या आसपास पोचली होती.