सुई सोपी, तारीख अवघड

(नवी मुंबईतल्या ऐरोलीत आशाताई, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या आरोग्यसेविका, आणि वस्तीतल्या महिलांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ताईंनो, आधी एक गोंधळ मिटवू या. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून 'अंतरा' नावाने जे गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळू लागलं, ते १५० मिलिग्रॅमचं, स्नायूत खोल द्यायचं. ते घरी स्वतः टोचायचं नाही. स्वतः घेता येतं ते वेगळं. औषध तेच, डीएमपीए नावाचं संप्रेरक, पण १०४ मिलिग्रॅम आणि कातडीखाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ते स्त्रीने स्वतः घेण्याची शिफारस केली. म्हणून आरोग्य केंद्रात 'तीन महिन्यांची सुई' एवढंच म्हणून थांबू नका, स्नायूतली की कातडीखालची ते विचारा. आणि कातडीखालची असली तरी पहिल्यांदा नर्सताईंच्या समोरच घ्या. रक्तदाब तपासल्याशिवाय तर सुरूच करू नका. तो १६०/१०० किंवा त्याहून वर असेल, स्तनाचा कर्करोग असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, तर हे साधन तुमच्यासाठी नाही.

आता कातडीखालच्या सुईचं साधन बघा. मागे औषधाचा मऊ फुगा, मध्ये प्लास्टिकचं जाडसर कडं, पुढे सुई आणि सुईवर टोपण. सुई जेमतेम एक सेंटीमीटरची, औषध अवघं ०.६५ मिलिलीटर. हात धुवा, कडं धरून साधन तीस सेकंद जोरात हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता घेतलं तर मात्रा सारखी जात नाही. मग सुई वर करून टोपण कड्याच्या दिशेने घट्ट दाबा. टोपण आणि कडं यांच्यातली फट पूर्ण मिटली पाहिजे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: फट राहिली की आतलं औषध सुईपर्यंत येतच नाही, आणि बाई फुगा दाबत बसते.

टोपण काढा. मांडीचा पुढचा भाग किंवा बेंबीपासून बाजूला पोट, तिथली कातडी चिमटीत धरा. सुई सरळ, खालच्या दिशेने, कडं कातडीला टेकेपर्यंत आत घाला. फुगा सावकाश दाबा, पाच ते सात सेकंद. फुग्यात थोडी हवा उरते, तिला घाबरायचं कारण नाही. सुई बाहेर काढा, मग चिमटी सोडा. जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. औषध ओघळलं किंवा अर्धंच गेलं असं वाटलं तर आपल्या मनाने दुसरी सुई घेऊ नका. निरोध वापरा आणि केंद्रात दाखवा.

एवढं एका बैठकीत जमतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

तारीख तेरा आठवड्यांनी येते, म्हणजे वार तोच राहतो. सोमवारी घेतली तर पुढची सोमवारीच. १ जूनची सुई ३१ ऑगस्टला. दोन आठवडे आधी चालते, चार आठवडे उशीरही चालतो. म्हणजे गणपतीला गावी जाणार असाल तर १७ ऑगस्टनंतर घेऊन मोकळ्या व्हा, कोकणात सुई आणि वापरलेली सुई टाकायची बरणी नेण्याची कटकट नको. मोजणी मात्र शेवटची सुई प्रत्यक्ष घेतली त्या दिवसापासून करायची. ठरलेल्या तारखेपासून नाही. उशीर चार आठवड्यांच्या पुढे गेला तर आधी गरोदर नाही याची खात्री, मग सुई, आणि पुढचे सात दिवस निरोध. पहिली सुई पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत घेतली तर हे सात दिवस लागत नाहीत. अंगावर पाजणारीने बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबावं.

आफ्रिकेतल्या मालावीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्वतः टोचणाऱ्यांपैकी ७३ टक्के बायकांनी वर्षभर सुई चालू ठेवली, आरोग्य कर्मचाऱ्याकडून घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के. तुर्भ्याच्या बाजारात किंवा महापेच्या कारखान्यात रोजावर जाणारीला केंद्राच्या वेळेसाठी अर्धा दिवस मोडावा लागतो, हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक नवलाचा वाटणार नाही.

पण बायका सुई सोडतात त्या बहुतेकदा पाळीमुळे. पहिले काही महिने डाग, मधूनच रक्त, कधी लांबलेली पाळी, आणि वर्षभराने अनेकींची पाळी बंदच. 'घाण आत साठते' हे सरसकट ऐकू येतं. साठत काही नाही. या औषधाने गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, मग बाहेर टाकायला फारसं उरत नाही. डॉक्टर हे एका वाक्यात सांगून पुढचा पेशंट बोलावतात, आणि घरी सासू दिवस मोजत बसते. बाजूला बसली नाही म्हणून संशय, आणि श्रावणात डाग दिसला म्हणून देवघर बंद. सुई लपवून घेणारीने हे आधीच धरून चालावं: सुई लपते, पाळी लपत नाही. रक्तस्राव आठ दिवसांपेक्षा लांबला किंवा नेहमीच्या दुपटीने वाढला तर सोसू नका, त्यावर गोळ्या आहेत. आशाताईंनी हे पहिली सुई घेण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ती सारवासारव वाटते. महिला संघटनांनी १९८६ साली अशाच एका इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. बाईला पुरती माहिती न देता सुई टोचली जाते, ही त्यांची तक्रार आजही मोडीत काढण्यासारखी नाही.

वजन वर्षाला एक-दोन किलोने वाढू शकतं. मूल हवं असेल तर सुई बंद केल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा सरासरी चार महिने जास्त लागतात, लग्नानंतर वर्षभरातच पाळणा हवा असलेल्या जोडप्याने हे ध्यानात घ्यावं. लैंगिक आजारांपासून संरक्षण शून्य, तिथे निरोधच. क्षयाचं औषध चालू असेल तर रिफाम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, या सुईचा होत नाही. आपल्या वस्त्यांत हे माहीत असणं फार उपयोगाचं.

साठवणीला फ्रिज नको, पण तीस अंशांच्या आत हवी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा खिडकीत ठेवू नका. खोलीतला सगळ्यात खालचा, सावलीतला कप्पा बरा. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही. ती जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बरणीत टाका. बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात कधीच नाही, कारण तो हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाणार. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हा घरगुती घातक कचरा ठरवला. पुढची सुई घ्यायला जाल तेव्हा बरणी सोबत न्या, आणि केंद्र ती परत घेतं का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.